बायकोच्या बॅगेतले वीस किलो

मला पोकर खेळता येत नाही हे मला पोकरची खोली सुरू केल्यावर पाच-सहा महिन्यांनी कळलं. आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, पण माझ्या आयुष्यात गोष्टी त्या क्रमानं घडत नाहीत. पोहायला शिकायच्या आधी मी पोहण्याचा चष्मा, टोपी आणि वर्षभराचा पास घेतला होता. चष्मा आता कांदा चिरताना वापरतो.

आम्ही नेदरलँड्समधल्या बेस्ट गावात राहतो, आइंडहोवनला लागून. माझी नोकरी म्हणजे एका अवाढव्य यंत्राला हलू न देणं. ते केसाच्या हजाराव्या भागाइतकं जरी थरथरलं तरी आमच्या विभागात मीटिंग लागते. दिवसभर हे काम करून घरी आलो की मला स्वतःला मात्र दोन मिनिटं एका जागी बसवत नाही. फ्रिज उघडतो, बंद करतो. खिडकीशी जातो, समोरच्या घरातला माणूसही त्याच्या खिडकीशी आलेला असतो, आम्ही हात हलवतो, परत येतो. रविवारी दुपारी तर हे इतकं वाढायचं की एकदा बायको पुस्तक मिटून म्हणाली, "तू कुठेतरी जा. कुठेही. पण जा."

मी गेलो आणि पोकरची खोली काढून आलो.

म्हणजे इतकं झटपट नाही. आमच्या वस्तीत एक बुर्टहाउस आहे, वस्तीचं समाजमंदिर म्हणा. तिथे म्हातारी मंडळी बिलियर्ड्स खेळतात, बायका विणकाम करतात, आणि मागची एक खोली रविवारी दुपारी रिकामी असायची. व्यवस्था बघणाऱ्या बाई साठीच्या, माझ्यापेक्षा वीतभर उंच, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी फॉर्म पुढे ओढला.

"पैसे लावणार?"

"छे. परवानगीच नाही ना."

"बिअर?"

"चहा."

"मग तुम्ही खेळणार कशासाठी?"

हा प्रश्न मला तोपर्यंत पडलाच नव्हता. मी म्हणालो, "आनंदासाठी." बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि फॉर्मवर 'इतर' या चौकोनात फुली मारली.

टेबल मी स्वतः बनवलं. प्लायवूड, त्यावर फोम, त्यावर हिरवं कापड. फोम जरा जास्तच जाड आणला. त्यामुळे कोणी कोपर टेकलं की समोरच्याच्या चिप्सचा मनोरा कोसळायचा आणि पत्ते उताराला लागल्यासारखे मधोमध जमायचे. कंपन थांबवायचा पगार घेणाऱ्या माणसानं बनवलेलं हे टेबल बघायला ऑफिसातले लोक मुद्दाम येऊन गेले.

पहिल्या रविवारी नऊ जण आले, दुसऱ्या रविवारी अकरा, तिसऱ्या रविवारी चार. कारण साधं होतं. पोकरमध्ये प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मधे सगळ्यांचे मिळून पाच. त्यातून ज्याचा डाव मोठा, तो जिंकला. पण खरी मजा आहे ती पत्ते टाकून पळण्यात, किंवा हातात काही नसताना समोरच्याला पळवण्यात. आणि काहीच जाणार नसेल तर पळेल कोण? आमच्याकडे पहिल्याच डावाला सगळे सगळं लावायचे. एकजण जिंकायचा, बाकीचे चिवडा खायचे. दहा मिनिटांत पोकर संपायचं आणि मग तीन तास व्हिसाच्या गप्पा.

त्या चौघांत एक नागपूरकर होता, माझ्याच इमारतीत काम करणारा, आवाजानं भरभक्कम. आणि एक संशोधक मुलगी, मूळची नाशिकची, आइंडहोवनच्या विद्यापीठात गणितात पीएचडी करणारी. ती मला दादा म्हणायची आणि आदरानं हरवायची. नागपूरकर त्या दिवशी सहज बोलून गेला की पुढच्या महिन्यात घरी चाललोय. तो वाक्य पुरं करतोय तोच तीन तोंडांतून एकच प्रश्न निघाला: "येताना जागा आहे का बॅगेत?"

इथल्या आपल्या लोकांत हे असतंच. कोणी भारतात निघालं की त्याच्या तब्येतीची चौकशी नंतर, बॅगेची आधी. दोन किलो गोडा मसाला, कुणाच्या वडिलांच्या गोळ्या, कुणाचं पुरणयंत्र. आणि देणाराही नाही म्हणू शकत नाही, कारण पुढच्या वेळी त्याला मागायचं असतं.

मी चहाचा कप खाली ठेवला. चिप्सचा मनोरा कोसळला. "किलो लावायचे," मी म्हणालो.

"काय लावायचे?"

"किलो. आपापल्या पुढच्या भारतफेरीतले. एक पांढरी चिप म्हणजे अर्धा किलो, लाल म्हणजे एक. जो जिंकेल त्याचं तेवढं सामान हरणाऱ्यानं आणायचं."

नागपूरकर माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "भाऊ, तुले हे सुचलं कसं बे?" आयुष्यात मला इतकं कौतुक फार कमी वेळा मिळालंय.

पुढच्या रविवारी खोलीत चौदा माणसं होती आणि कोणी बोलत नव्हतं. लोक पत्ते टाकून पळू लागले. एक किलो वाढवला की समोरचा कपाळाला हात लावून विचार करायचा, कारण तो किलो म्हणजे त्याच्या आईचे डिंकाचे लाडू होते. बुर्टहाउसच्या बाई एकदा दारात येऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. "पैसे नाहीत ना?" "नाहीत." "मग हे सगळे इतके घाबरलेले का आहेत?" मी त्यांना किलोंचं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुकानात नाही का मिळत?"

नियम मीच केला होता: एका माणसानं एका फेरीतले पाच किलोच लावायचे. घर बुडू नये म्हणून. जिंकलेले मात्र कितीही. आणि मालकाला नियम लागू नाही हाही मीच केला होता. टेबल भरायला कुणीतरी लागतं, हे कारण मी जाहीर सांगायचो. खरं कारण असं की मला पत्ते टाकताच यायचे नाहीत. पत्ते टाकले की डाव संपेपर्यंत नुसतं बसून राहावं लागतं. दुसरे खेळतायत आणि आपण बघतोय. हे माझ्यानं होत नाही. मी दुर्री-सत्तीवरसुद्धा खेळायचो, केवळ हाताला काम हवं म्हणून. संशोधक मुलीला हे तिसऱ्या रविवारीच समजलं असणार. मला कोणी सांगितलं नाही.

फेब्रुवारीत बायको दहा दिवसांसाठी सांगलीला निघणार होती. तिच्या आईवडिलांचा फ्लॅट विकला होता. दोघं आता तिच्या भावाकडे बंगळुरूला जायचे होते, आणि तिच्या तिथल्या वस्तूंपैकी तिला एकच हवी होती: तिची पेटी. मिरजेत बनवून घेतलेली हार्मोनियम, शाळेत असल्यापासूनची. लग्नानंतर अकरा वर्षं ती पेटी सासऱ्यांच्या कपाटावर होती. दर फेरीला आम्ही म्हणायचो, पुढच्या वेळी नेऊ. आता पुढची वेळ नव्हती. भावाच्या घरी जागा नव्हती, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आपल्या भजनी मंडळासाठी ती मागूनही ठेवली होती. बायकोनं व्हिडिओ कॉलवरून सासऱ्यांना वजनकाट्यावर पेटी कडेवर घेऊन उभं केलं, मग पेटीशिवाय उभं केलं, आणि मला येऊन सांगितलं, "खोक्यासकट पंधरा किलो. एक बॅग तिची. दुसऱ्या बॅगेत बाकी सगळं."

तिचे 'बाकी सगळं' हे शब्द मी माझ्या सोयीनं ऐकले. दुसऱ्या बॅगेचे तेवीस किलो मला मोकळे दिसले. तिचे कपडे, आईनं दिलेल्या साड्या, घरातली शेवटची आवराआवर, हे काही मला दिसलं नाही.

आठ किलो नागपूरकरानं तीन रविवारांत थोडे थोडे नेले. मग गेलेले एका डावात भरून काढावेत म्हणून मी उरलेल्यांतले बारा लावले. माझ्याकडे राजा आणि सत्ती होती, मधल्या पाचांत एक राजा आला, एक सत्ती आली. दोन जोड्या! मी इतका खूश झालो की टेबल हलायला लागलं. संशोधक मुलीनं हळूच दोन चौक्या उलट्या केल्या. तिसरी चौकी मधे पडलेलीच होती. "सॉरी दादा," ती म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटलं होतं.

बायको गेली तेव्हा मी तिला यातलं काही सांगितलं नाही. योग्य वेळ बघत होतो. योग्य वेळ ही गोष्ट माझ्याकडे कधी येत नाही, तिकडून फोन येतो.

"सांगलीत आपल्याकडे पार्सलं येतायत," ती म्हणाली. "कालपासून पाच. बाबा सह्या करून दमले. नागपूरहून कोणा काकूंनी सांडगे पाठवलेत, कुरडया, संत्र्याची बर्फी. नाशिकहून चिवडा, मनुका आणि एक बिडाचा तवा. बिडाचा! हे कोण लोक आहेत?"

"मित्र," मी म्हणालो. "थोडंसं सामान."

"किती थोडंसं?"

"वीस किलो."

पलीकडे सासरे कुणाला तरी "इथे ठेवा, इथे" म्हणत होते. सहावं आलं असावं.

"तू हो म्हणालास वीस किलोला?"

"हो म्हणालो नाही. हरलो."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग तिनं विचारलं, "काय होतं हातात?"

"राजा आणि सत्ती. दोन जोड्या झाल्या होत्या."

"आणि समोर?"

"तीन चौक्या."

"समोरचा वाढवत होता?"

"नाही. मीच वाढवत होतो. ती नुसती हो हो म्हणत होती."

"मग कळायला नको?" बायको म्हणाली. आणि मला पहिल्यांदा कळलं की आमच्या घरात पोकर कोणाला येतं.

त्याच संध्याकाळी मी संशोधक मुलीला गाठलं. सगळं सांगितलं. तिनं ऐकलं आणि लगेच म्हणाली, "सोडले मी बारा किलो दादा, त्यात काय. फक्त माझ्या आईला तुम्ही फोन करून सांगा की तवा परत पाठवताय. माझ्यानं नाही होणार."

"तुझ्या आईला माहितीये का, कसे मिळाले ते?"

"तिला वाटतं तुम्ही खूप चांगले आहात."

मी नाशिकचा नंबर लावला. रिंग वाजायच्या आत कापला. नागपूरकराकडे जायची तर हिंमतच झाली नाही, पण तो स्वतःच भेटला आणि म्हणाला, "मायनं उन्हात बसून सांडगे घातले भाऊ. तिले काय सांगू, पत्त्यात आले अन् पत्त्यात गेले?" आम्ही सगळे मोठाली यंत्रं, मोठाली गणितं सांभाळणारी माणसं. दोन आयांना फोन करणं एकालाही जमलं नाही.

तोडगा बायकोनंच काढला. जास्तीची बॅग विकत घ्यायची. तिकीट माझ्या अकाउंटवरून काढलेलं, म्हणून बॅगही मीच तिकिटात घालायची. "रविवारी रात्री नऊला इथून मुंबईची गाडी आहे," ती म्हणाली. "तुझ्याकडचे दुपारचे साडेचार. त्याआधी मला बॅगेचा मेल आलेला दिसला पाहिजे. नाहीतर पेटी इथेच ठेवावी लागेल. मुंबईला विमानतळावर जाऊन घासाघीस करायला मी एकटी तीन डाग ओढत जाणार नाही. आणि सकाळी फ्लॅटची किल्ली द्यायचीय. समजलं?"

"समजलं."

"आत्ता करतोयस?"

"आत्ताच," मी म्हणालो, आणि पासवर्ड आठवेना म्हणून उद्यावर ढकललं.

तो कार्निव्हलचा रविवार होता. बुर्टहाउसच्या पुढच्या दालनात एक बँड तुताऱ्या फुंकत होता, बाईंनी डोक्यावर कोंबड्याची टोपी घातली होती आणि त्या टोपीतूनही त्या माझ्याकडे फॉर्म भरतानाच्याच नजरेनं बघत होत्या. मी टेबलाशी बसूनच फोनवर साइट उघडली. सव्वातीन वाजले होते. पासवर्ड बदलला, प्रवाशाचं नाव निवडलं, बॅग निवडली. किंमत आली. किंमत बघून मी जरा मागे टेकलो, टेबल हललं. मग साइटनं बँकेच्या ॲपमधून मंजुरी मागितली, आणि त्याच क्षणी माझ्यासमोर दोन पत्ते आले. मी कोपरा उचलून बघितला. एक्का. दुसरा कोपरा. एक्का.

आता हे मी कसंही सांगितलं तरी वाईटच दिसणार आहे. माझ्या डोक्यात त्या सेकंदाला जे आलं ते असं: बॅग विकत घेतली तर मी हरलेला राहणार. पण हेच बारा किलो मी जिंकून परत घेतले, तर नाशिकला फोन करायची जबाबदारी संशोधक मुलीवर, तवा सांगलीत राहील, पेटी बायकोच्या बॅगेत बसेल, आणि शिवाय मी जिंकलेला असेन. मी फोन पालथा ठेवला. दोन मिनिटांचं तर काम आहे, हा डाव झाला की करू.

तो डाव तसाच गेला. संशोधक मुलीनं पहिल्याच फेरीत पत्ते टाकले. दोन एक्क्यांवर मी नागपूरकराकडून अर्धा किलो जिंकलो. पण आता अंगात भरलं होतं. पुढचा डाव, त्याच्या पुढचा. बँड एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजवत होता. मी दोनदा उठलो, दोनदा बसलो. फोनकडे हात जायचा आणि पत्ते यायचे. चारच्या सुमारास एकदा फोन थरथरला, मी म्हणालो, "हे एवढं झालं की." कोणाला म्हणालो कोण जाणे.

"काऊन घाम येऊन राहिला भाऊ?" नागपूरकर म्हणाला.

आणि मग तो डाव आला. पुन्हा एक्क्यांची जोडी. मधे तिसरा एक्का, आणि दोन दश्श्या. संशोधक मुलगी या वेळी पळाली नाही. मी माझ्या स्वतःच्या, पुढच्या उन्हाळ्यातल्या फेरीचे बारा किलो पुढे सरकवले. तिनं माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं. माझा चेहरा इतका घाबरलेला होता की तिला वाटलं हातात काही नाही. तिनं माझ्याकडून जिंकलेलेच बारा लावले. तिच्याकडे दश्शी आणि छक्की होती, तिचाही मोठा डाव होता. पण माझे तीन एक्के त्याहून मोठे होते. अख्खी खोली ओरडली. कोंबड्याची टोपी दारात आली. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादा डाव नीट जिंकला होता, आणि मी खुर्चीवर उभा राहून बायकोला फोन लावला.

"जिंकलो!" मी ओरडलो. "बारा किलो! तवा काढ, चिवडा काढ, पेटी भर!"

पलीकडे हॉर्न वाजत होते. "मी गाडीत आहे," ती म्हणाली. "कराड येईल आता."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सहा वाजायला दहा मिनिटं होती.

"मेल आला नाही," ती म्हणाली. "साडेचारपर्यंत वाट बघितली. तुला मेसेजही केला. मग वरच्या काकूंना बोलावलं. त्या खूश झाल्या." नंतर तिनं विचारलं, "काय होतं हातात?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "हं. चांगला डाव होता," आणि फोन ठेवला.

मी खुर्चीवरून उतरलो. संशोधक मुलगी पत्ते गोळा करत होती. "आईला मी सांगते दादा," ती म्हणाली. मी म्हणालो, "नको. तवा निघालाय तिकडून."

दुसऱ्या दिवशी मी विमानतळावर मोठी ट्रॉली घेऊन उभा होतो. ती दोन बॅगा घेऊन आली. ओरडली नाही. ट्रेनमध्ये शेजारी बसून झोपली. पार्सलं मी सायकलवर घालून वाटली, तवा कॅरिअरवर दोरीनं बांधून आइंडहोवनपर्यंत नेला. वाऱ्यात दोनदा पडलो, तव्याला काही झालं नाही.

पोकर बंद केलं का असं लोक विचारतात. करणार होतो. बायको म्हणाली, "बंद कशाला? मग तू रविवारी कुठे जाशील?" यात चिडलेपणा किती आणि काळजी किती, हे मी अजून मोजतोय.

पुढच्या महिन्यात, एका रविवारी मी निघायच्या बेतात होतो, आणि सांगलीच्या काकूंचा व्हिडिओ आला. भजनी मंडळ, सतरंजी, मधोमध तिची पेटी. बायकोनं फोन टेबलावर ग्लासला टेकवला आणि शेजारची खुर्ची ओढली. मी बसलो. काकू जोरात गात होत्या आणि पेटी त्यांच्या मागून धावत होती. बायकोची बोटं टेबलाच्या कडेवर हलत होती, काकूंच्या आधी. "भाता फार जोरात मारतायत," ती म्हणाली. "मधला सा कुंथतोय बघ. आधी नव्हता कुंथत." मी म्हणालो, "हो," मला काही कळलं नव्हतं. व्हिडिओ चौदा मिनिटांचा होता. सहाव्या मिनिटाला मी घड्याळ बघितलं, नवव्या मिनिटाला पुन्हा. दोनला पाच कमी होते, बुर्टहाउसच्या मागच्या खोलीची किल्ली माझ्या खिशात होती आणि बाहेर पावसात दहा-बारा माणसं उभी असणार होती.

भजन संपलं. तिनं बोटानं पडदा मागे सरकवला आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.

"पुन्हा?" मी विचारलं.

"पुन्हा," ती म्हणाली.